सहा पूर्णांक चार

माझ्या दोन नंबरच्या वहीत एका अल्बमपुढे ६.४ लिहिलंय. चार नंबरच्या वहीत त्याच अल्बमपुढे ८.१. अक्षर दोन्हीकडे माझंच आणि शेरे दोन्हीकडे तितकेच ठाम. पहिला म्हणतो, "आवाज गोड, बांधणी सैल, बेस पातळ." दुसरा म्हणतो, "बेस हाच या अल्बमचा कणा. एक सूर जास्तीचा नाही." मधे चौदा महिने गेलेले. गाणी तीच, हेडफोनही तेच. आणि दुसरी नोंद करताना आपण हा अल्बम आधी ऐकून, मार्क देऊन मोकळ्या झालोय हे मला आठवतसुद्धा नव्हतं.

हे लक्षात आलं तेव्हा आधी हसू आलं, मग चांगलीच ओशाळले. तोवर तीनशेच्या आसपास अल्बमांना मार्क देऊन झाले होते, आणि ओळखीतले चार-सहा जण ते मार्क बघून काय ऐकायचं ते ठरवत होते.

वही सुरू झाली ती विसरभोळेपणामुळे. महिन्याला वीस-पंचवीस अल्बम कानांवरून जायचे आणि महिनाअखेरीला विचारलं तर तीन नावंही धड सांगता यायची नाहीत. म्हणून रकाने आखले. नाव, कलाकार, साल, किती वेळा ऐकला, शेरा आणि सगळ्यात उजवीकडे मार्क. झालं असं की वही उघडली की नजर आधी त्या उजव्या रकान्यावर जायची. शेरा न वाचता नुसते मार्क वाचणारी पहिली वाचक मीच निघाले.

दशांश चिन्हाची हौस बाहेरून आली. 'रोलिंग स्टोन' मासिक तारे देतं, संगीत समीक्षक रॉबर्ट ख्रिस्टगौ १९६९ पासून आपल्या सदरात शाळेसारख्या अक्षरश्रेणी देत आला, आणि 'पिचफोर्क' ही संगीताची वेबसाइट ०.० पासून १०.० पर्यंत एकेका दशांशाने मोजतं. मला ते दशांश फार भारदस्त वाटले. ७ म्हटलं की अंदाज वाटतो, ७.३ म्हटलं की मोजमाप केल्यासारखं वाटतं. बहिणीने एकदा वही हातात घेतली आणि विचारलं, "७.२ आणि ७.३ मधे फरक काय गं?"

"हा जरासा जास्त एकसंध आहे."

"जरासा म्हणजे एक दशांश? तू काय थर्मामीटर आहेस?"

मी चिडले, पण उत्तर नव्हतं. मग बसून पहिल्या शंभर नोंदी मोजल्या. त्यातल्या एकाहत्तर सात ते आठच्या मधे होत्या. म्हणजे दहाची पट्टी घेऊन मी तिच्यातला एकच सेंटिमीटर वापरत होते. कारण सोपं होतं. मी ऐकायचेच ते जे मला आवडेल असं आधीपासून वाटायचं. तेव्हापासून दर चार अल्बमांतला एक दुसऱ्या कोणीतरी निवडायचा असं ठरवलं, शक्यतो माझ्याशी आवड न जुळणाऱ्या माणसाने. पहिलाच अल्बम बहिणीने दिला आणि मला पट्टीचा खालचा भाग पहिल्यांदा वापरावा लागला. (ती अजूनही म्हणते की मी तो सूड म्हणून वापरला.)

त्याच मोजणीत आणखी एक सापडलं. 'अप्रतिम' हा शब्द त्रेचाळीस वेळा आला होता. 'काळजाला हात घालणारं' सतरा वेळा. एवढ्या वेळा हात घातल्यावर काळजाची काय अवस्था झाली असेल कोण जाणे. असे दहा-बारा शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आणि वर लिहिलं, 'वापरायचे नाहीत'. पहिले दोन आठवडे हाताला लकवा झाल्यासारखं वाटलं. विशेषणं काढून घेतली की सांगण्यासारखं नक्की काय ऐकलं हा प्रश्न उरतो, आणि बऱ्याचदा उत्तर 'फारसं काही नाही' असं येतं. मग परत ऐकावं लागतं. तेव्हा कळतं की दुसऱ्या अंतऱ्यात बासरी एक सप्तक खाली उतरलीय, म्हणून ती ओळ जड वाटतेय. हे लिहिता आलं की 'अप्रतिम'ची आठवण येत नाही.

आता त्या ६.४ कडे येते. दोन्ही नोंदींच्या तारखा लावून पाहिल्या. पहिली नोंद झाली ते आठवडे मी सगळे झोपल्यावर, रात्री साडेअकरानंतर, आवाज अगदी बारीक ठेवून ऐकत होते. त्या काळातल्या नोंदी ओळीने वाचल्या तर 'बेस पातळ', 'खर्ज कमी', 'ठेका दमदार नाही' अशी एकच रड. नऊपैकी सात अल्बमांत. सात वेगवेगळ्या लोकांनी सात वेगवेगळ्या ठिकाणी रेकॉर्ड केलेलं संगीत त्याच काही आठवड्यांत सारखंच अशक्त कसं निघेल?

याचं उत्तर १९३३ पासून छापील आहे. हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मन्सन या दोन संशोधकांनी कानाला वेगवेगळ्या उंचीचे सूर किती जोरात वाजवल्यावर सारखे वाटतात ते मोजलं होतं. आवाज कमी केला की कान सगळे सूर सारख्या प्रमाणात कमी करत नाही. खालचे सूर आधी सुटतात, अगदी वरचेही थोडे, आणि गळ्याच्या आसपासचा मधला पट्टा टिकून राहतो. म्हणून बारीक आवाजात गायिका 'गोड' आणि बेस 'पातळ'. माझा शेरा अगदी अचूक होता, फक्त तो अल्बमबद्दल नव्हता.

याची उलट बाजू जास्त फसवी. दोन अल्बम लागोपाठ ऐकले आणि त्यातला एक किंचित मोठा वाजत असला, तर तो 'जास्त मोठा' असं वाटत नाही, 'जास्त चांगला' असं वाटतं. सीडीच्या जमान्यात सगळेच याच्या मागे लागले. मास्टरिंग करताना, म्हणजे गाण्यावरून शेवटचा हात फिरवताना, बारीक आवाज वर ओढायचा, मोठ्याचं डोकं छाटायचं, म्हणजे सगळं गाणं सतत टिपेला. अशा गाण्याचा आलेख पडद्यावर पाहिला तर डोंगर-दऱ्या दिसतच नाहीत, वीट ठेवल्यासारखा दिसतो. २००८ मधे मेटॅलिका या बँडच्या 'डेथ मॅग्नेटिक'वरून हे भांडण चव्हाट्यावर आलं, कारण तीच गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ गेममधे कमी दाबलेल्या रूपात होती आणि ती ऐकून चाहतेच म्हणाले, अल्बमपेक्षा खेळातली बरी. आता ऐकण्याची बहुतेक अ‍ॅप सगळ्यांचा आवाज एका पातळीला आणतात, त्यामुळे ओरडणाऱ्याचा फायदा संपला. पण एकदा सपाट केलेली वीट पुन्हा डोंगर होत नाही. मी मात्र अ‍ॅपवर भरवसा न ठेवता प्रत्येक अल्बमच्या आधी आवाज हाताने जुळवते. ठरलेलं एक ओळखीचं गाणं लावते, त्यातला गळा समोर बसून कोणी गातंय इतका येईपर्यंत बटण फिरवते आणि मग बटणाला हात लावत नाही. शास्त्रशुद्ध नाही, पण 'बेस पातळ'ची साथ तेव्हापासून हटली.

सगळ्यात लाजिरवाणी नोंद वेगळीच आहे. अल्बम 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७ चा. संतूर शिवकुमार शर्मांचं, बासरी हरिप्रसाद चौरसियांची, गिटार ब्रिजभूषण काब्रांची. दरीतल्या एका मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत, रागांच्या वेळांवर ओवलेला. सुरुवात अहिरभैरव आणि नटभैरवाने, शेवट पहाडीने. या अल्बमपुढे माझ्या वहीत स्पष्ट लिहिलंय: "वादन उत्तम, पण क्रमामागचा विचार कळत नाही."

फोनवर शफल चालू राहिलं होतं.

म्हणजे मी आधी देस ऐकला, मग पहाट, मग पहाडी असं काहीतरी. भैरव सकाळचा हे माहीत असूनही मला शंका आली नाही. उलट कलाकारांचाच विचार अपुरा पडला असं धडधडीत लिहून, अर्धा मार्क कापून, मी झोपायला गेले. आता प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर तीन खुणा असतात: शफल बंद, आवाज जुळवला, आवृत्ती कोणती.

ही तिसरी खूण माझ्या एका वादक मित्रामुळे आली. तो ऐकता ऐकता सोबत वाजवतो. जॅझवादक माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'च्या जुन्या छापाच्या तबकडीबरोबर वाजवायला बसला तर पहिल्या बाजूला त्याचं वाद्य बेसूर लागायचं, दुसऱ्या बाजूला बरोबर. तो वाद्य पुन्हा पुन्हा लावत राहिला. दोष वाद्याचा नव्हताच. १९५९ च्या मार्च महिन्यातल्या रेकॉर्डिंगच्या सत्रात टेपयंत्र किंचित हळू फिरत होतं, त्यामुळे नेहमीच्या वेगाने वाजवल्यावर पहिल्या बाजूची तिन्ही गाणी थोडी जलद आणि चढी झाली. १९९० च्या दशकातल्या नव्या आवृत्त्यांत ती दुरुस्त झाली. म्हणजे तीसेक वर्षं लोकांनी त्यावर भरभरून लिहिलं ते जरा चढ्या स्वरातलं ऐकून. तेव्हा कोणता छाप ऐकला ते लिहून ठेवलेलं बरं.

क्रमाबद्दल मात्र मी हळूहळू फार हळवी झाले. १९४८ मधे लाँग प्ले तबकडी आली, मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास फेरे, एका बाजूला साधारण वीस-बावीस मिनिटं. यामुळे अल्बमला मध्यंतर मिळालं. पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं असं हवं की ते संपल्यावर माणूस उठून तबकडी उलटेल. १९८२ मधे सीडी आली, चौऱ्याहत्तर मिनिटं सलग, उठायचं कारणच संपलं. आणि जागा दिसली की भरायची हा माणसाचा स्वभाव, घरात काय आणि सीडीवर काय. मी ऐकताना समासात 'भ' लिहिते, म्हणजे मन भरकटलं. चाळीस मिनिटांच्या अल्बमवर एक-दोन 'भ' असतात. सत्तरच्या पुढे गेलेल्यांवर बेचाळिसाव्या-पंचेचाळिसाव्या मिनिटापासून 'भ'ची रांग लागते. त्यातला दोष कोणाचा, संगीताचा की माझा, याचा निकाल मला अजून लावता आलेला नाही. पण रांग कुठे सुरू झाली हे लिहिलं की वाचणाऱ्याला उपयोग होतो.

ऐकण्याची पद्धत आता अशी बसलीय. पहिल्यांदा ऐकताना पेन लांब ठेवायचं आणि फोन उलटा. दुसऱ्यांदा पेन हातात, मिनिट आणि सेकंद लिहीत. तिसऱ्यांदा निदान आठवडा उलटल्यावर, आणि त्याआधी एक परीक्षा: काही न लावता, नुसतं आठवून, अल्बममधलं काय काय गुणगुणता येतं ते लिहायचं. हे तिसरं फार निर्दय असतं. दुसऱ्या ऐकण्यात पानभर नोंदी केलेल्या अल्बममधलं आठवड्याने एक मुखडाही आठवत नाही, असं कितीदा झालंय.

इथे एक गोची आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मधे दाखवलं की एखादी गोष्ट नुसती परत परत समोर आली तरी ती आवडायला लागते. अर्थबिर्थ कळायची गरज नाही. मग तिसऱ्यांदा ऐकल्यावर वाढलेला मार्क अल्बमचा की ओळखीचा? मधे आठवडा सोडला तरी हा प्रश्न सुटत नाही, फक्त थोडा निवतो. मी एवढंच करते की वाढ झाली तर ती कशामुळे ते एका वाक्यात लिहिते. 'आता सवय झाली' हेच एक वाक्य सुचलं तर मार्क जुनाच राहतो.

८.१ च्या नोंदीत मात्र कारण होतं. पाचवं गाणं, दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद. दुसरा अंतरा संपतो, सगळी वाद्यं एकदम थांबतात, आणि ध्रुवपदावर यायच्या आधी गायिका श्वास घेते. चांगला मोठा, छातीभर. पहिल्या वेळी मी याच जागेवर लिहिलं होतं, "श्वास ऐकू येतो, एडिटिंग कच्चं." चौदा महिन्यांनी त्याच जागी थबकले आणि शंका आली म्हणून मागे जाऊन अख्खा अल्बम फक्त श्वासांसाठी ऐकला. नऊ गाणी. कुठेही श्वास नाही. ओळींच्या मधल्या सगळ्या जागा झाडून पुसून स्वच्छ केलेल्या, गळा जणू हवेशिवाय चालतो. पस्तीसेक मिनिटांत एकच श्वास ठेवलेला, आणि तोही जिथे मागे एकही वाद्य नाही, म्हणजे झाकायला काही नाही तिथे. त्यापुढची ओळ 'मी थकले नाही' अशा अर्थाची आहे. कच्चं एडिटिंग माझ्या ऐकण्याचं होतं.

ते सापडल्यावर पहिली नोंद खोडावी असं फार वाटलं. पेन हातात घेतलंही होतं. पण मोठमोठ्यांचंही असं होतंच. 'पिचफोर्क'ने २००३ मधे गायिका लिझ फेअरच्या एका अल्बमला चक्क ०.० दिला होता आणि २०२१ मधे स्वतःच जुन्या काही अल्बमांना नव्याने मार्क देताना त्याचे ६.० केले. शून्याचे सहा! पण जुना आकडा लपवला नाही, दोन्ही शेजारी शेजारी ठेवले. मीही ६.४ तसाच ठेवला, पुढे बाण काढला आणि दुसऱ्या वहीचं पान लिहिलं. त्या दिवसापासून दशांश बंद. आता एक ते दहा, पूर्ण आकडे, तेही पेन्सिलने, आणि प्रत्येक आकड्यापुढे त्याचा अर्थ. पाच म्हणजे मी आपणहून लावणार नाही, पण दुसऱ्याने लावला तर उठून जाणार नाही. आठ म्हणजे वर्षभराने कारण नसताना आठवला. दहा अजून कोणालाच दिलेले नाहीत. त्यावरून बहीण मला खडूस म्हणते.

एवढी शिस्त लागल्यावर तो वादक मित्र स्वतःचा अल्बम घेऊन आला. आठ गाणी, चौतीस मिनिटं, तीन वर्षांचं काम. "खरं सांग हं, भीड ठेवू नकोस," म्हणाला. ज्या माणसाला भीड ठेवायला हवी असते तोच हे वाक्य म्हणतो, हे मला माहीत होतं. मी आधी नाहीच म्हटलं. ओळखीच्या माणसाचा अल्बम ऐकताना गाण्याच्या मागे त्याचा चेहरा दिसत राहतो, दोन नोकऱ्यांमधला काढलेला वेळ दिसतो, आणि हे सगळं मार्कांत शिरतं. त्याने ऐकलं नाही.

मग मी नेहमीसारखाच ऐकला. तीनदा, मधे आठवडा सोडून. दोन पानं भरली. चौथ्या गाण्यात ड्रम यंत्राचे आणि बेस हाताने वाजवलेला, तो बेस दर वेळी केसभर मागे पडतो आणि त्यामुळे सगळं गाणं रेलून बसल्यासारखं मस्त वाटतं. ही जागा मी तीन वेळा परत ऐकली. सहाव्या गाण्यात शब्दांसाठी चाल ओढाताण करून लांबवलीय. आणि सगळ्या आठ गाण्यांत त्याच्या आवाजावर घुमारा इतका की तो एकाच विहिरीच्या तळातून गातोय असं वाटावं. तिसऱ्या ऐकण्याआधी आठवून लिहायच्या परीक्षेत चौथं गाणं पूर्ण आलं, पहिल्याचा मुखडा आला, बाकी कोरं. खाली सहा लिहिले आणि पानांचे फोटो त्याला पाठवले. ओळखीतले लोक बघतात त्या यादीत मात्र तो घातला नाही.

तीन आठवडे फोन नाही. मी दोनदा उचलून ठेवला. मग एका रात्री त्याचाच आला, नमस्कार-चमत्कार काही नाही.

"अगं, तो बेस मागे आहे हे तुला कसं कळलं?"

"ऐकू येतं ना."

"मिक्स करणारा तो सरळ करत होता. भांडून ठेवला मी. आजवर एकानेही ओळखलं नव्हतं."

विहिरीबद्दल तो काही बोलला नाही. मीही काढलं नाही. पण पुढच्या वेळी त्याने नव्या गाण्याचा कच्चा तुकडा पाठवला तेव्हा आवाज कोरडा होता, अगदी खोलीत बसून गायल्यासारखा.

गेल्या महिन्यात वर्ष झालं म्हणून त्याचा अल्बम परत काढला. आवाज जुळवला, शफल बंद केलं, दिवा मालवला. मनातून वाटत होतं की आता सात होतील. सवय झालेली, भांडण मिटलेलं, माणूस आवडता. शिवाय जुने आकडे वर सरकलेले पाहण्याची मलाही चटक लागली होती. चौथं गाणं पूर्वीइतकंच आवडलं. सहाव्यात पुन्हा 'भ'. शेवटच्या गाण्यानंतर पेन्सिल घेऊन बराच वेळ बसले.

सहाच.

त्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मी परवा ऐकला. मी पाच दिले असते."